पांढरे वाघ आणि सिद्धगड

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘जपानमधील माझे अनुभव’. वेळ दिली वीस मिनिटं, आणि फोनवर वर सांगितलं की जेवणाच्या आधी तुझं भाषण आहे, तेव्हा काय ते समजून घे. समजून घेतलं आहे. बुलेट ट्रेन, कच्चे मासे आणि टोकियोत शाकाहारी माणूस कसा जगतो, हे सगळं पंगतीत विचारा, तिथे सविस्तर सांगेन. इथे मला तिथल्या एका शाळेच्या मुलांबद्दल बोलायचं आहे आणि मग आपल्या पनवेलच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगराबद्दल. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते पुढे येईलच.

कंपनीच्या कामासाठी मी जपानमध्ये दोन वर्षं होते. माझ्या टीममधले दोघे आइझू विद्यापीठाचे पदवीधर. आइझू-वाकामात्सु हे टोकियोच्या उत्तरेला डोंगरांत वसलेलं छोटं शहर, आणि तिथलं विद्यापीठ १९९३ मध्ये खास संगणकशास्त्रासाठी सुरू झालं. त्या दोघांना आपल्या गावाचा अभिमान इतका, की एका लांब सुटीत मला ते तिकडे घेऊनच गेले. विद्यापीठ दाखवतील असं वाटलं होतं. त्यांनी नेलं थेट एका टेकडीवर. तिचं नाव इईमोरी. वर एकोणीस थडगी आहेत, एका ओळीत. त्यांतली सगळी मुलं सोळा-सतरा वर्षांची. आपल्या हिशेबात अकरावी-बारावीची.

थोडक्यात गोष्ट अशी. १८६८ साली जपानमध्ये यादवी युद्ध पेटलं. एका बाजूला अडीचशे वर्षं सत्ता चालवणारं तोकुगावा शोगुनांचं घराणं, दुसऱ्या बाजूला सम्राटाचं नाव पुढे करून उभे राहिलेले सात्सुमा आणि चोशू हे सरदार. आइझूचा सरदार मात्सुदाइरा कातामोरी शोगुनाच्या बाजूचा. त्याने बाजू का बदलली नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या घराण्याच्या संस्थापकाने बरोबर दोनशे वर्षांपूर्वी, १६६८ मध्ये, पंधरा कलमांचे घरचे नियम लिहून ठेवले होते. पहिलंच कलम असं होतं की शोगुनाची एकनिष्ठेने सेवा करायची, आणि जो वारस यात कुचराई करेल तो माझा वंशज नव्हे, त्याच्यामागे कुणी जाऊ नये. संगणकवाल्यांना हा प्रकार लगेच ओळखीचा वाटेल. कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, लिहिणारा कधीच गेलेला, परिस्थिती पार बदललेली, पण हात लावायची कुणाची छाती नाही. शोगुनाने स्वतः सत्ता सोडली, तो शरण गेला, तरी आइझूतला प्रोग्रॅम चालूच राहिला.

आइझूने आपल्या सैन्याच्या वयाप्रमाणे चार तुकड्या केल्या आणि त्यांना चार दिशांच्या दैवी प्राण्यांची नावं दिली. सर्वांत लहान मुलांची तुकडी म्हणजे ‘ब्याक्कोताय’, पांढऱ्या वाघांची तुकडी. ही मुलं राखीव होती. त्यांना लढायला पाठवायचं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये शत्रू घाट ओलांडून अनपेक्षितपणे आला आणि मुलांना पावसात पुढे पाठवलं. आदल्या रात्री खायला फारसं नव्हतं, म्हणून त्यांचा प्रौढ नायक अन्न शोधायला गेला. तो परत आलाच नाही. सकाळी तोफा आणि नव्या बंदुकांपुढे त्यांची फळी मोडली. त्यांतली वीसेक मुलं कालव्याच्या बोगद्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढत इईमोरी टेकडीवर पोचली. तिथून त्यांनी गावाकडे पाहिलं. किल्ल्याच्या बाजूला धुराचे लोट. किल्ला पडला, धनी गेला, असं समजून त्यांनी तिथेच आपलं पोट चिरून किंवा गळा कापून घेतला. तारीख ८ ऑक्टोबर १८६८.

किल्ला पडलेला नव्हता. जळत होतं ते गाव. किल्ला पुढे जवळजवळ महिनाभर लढला आणि ६ नोव्हेंबरला शरण गेला.

त्या मुलांतला एक वाचला. इईनुमा सादाकिची त्याचं नाव. गळ्यावर जखम असताना एका बाईला तो सापडला आणि तिने त्याला वाचवलं. त्याच्यामुळेच ही हकिकत जगाला कळली. उतारवयात त्याने जे सांगितलं त्यावरून असंही दिसतं, की किल्ला उभा आहे याची मुलांना कल्पना होती. किल्ल्यात परत जायचं की शत्रूवर तुटून पडायचं यावर त्यांच्यात वाद झाला, आणि शेवटी जिवंत पकडले जाण्याची लाज नको म्हणून त्यांनी मरण पत्करलं. पर्यटकांना सांगतात ती गोष्ट धुराचीच. ऐकायला तीच सोपी आहे, कारण त्यात दोष धुराचा. दुसऱ्या गोष्टीत दोष कुणाचा, हे शोधायला गेलं की बोट त्यांच्या शाळेकडे जातं.

हो, शाळेकडे. आइझूची ‘निशिनकान’ नावाची संस्थानी शाळा होती आणि ही सगळी मुलं त्याच शाळेची. एकत्र शिकलेली, एकमेकांच्या घरी जाणारी. त्या शाळेत जायच्या आधीच, सहा ते नऊ वर्षांच्या पोरांचे गट असत आणि ते रोज जमून नियम म्हणत. मोठ्यांचं ऐकायचं, खोटं बोलायचं नाही, दुबळ्याला छळायचं नाही, असे. नियम चांगलेच आहेत. आपल्या प्रार्थनेनंतर सर जे सांगायचे त्याहून फार वेगळे नाहीत. फक्त त्यांच्या शेवटी एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की जे करायचं नाही ते करायचं नाही, का ते विचारायचं नाही. त्या टेकडीवर, एकोणीस थडग्यांसमोर उभं राहून मला आपला वर्ग आठवला. शेवटच्या बाकावरचे तुम्ही सगळे. आपल्यातल्या एकाने म्हटलं असतं ‘चला’, तर किती जण उठून गेले असते? माझा अंदाज सांगत नाही. काही पालक इथे बसले आहेत.

टेकडीवर आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत नाही. तिथे पॉम्पेईहून आणलेला एक प्राचीन रोमन खांब उभा आहे. १९२८ मध्ये मुसोलिनीच्या काळात रोमने तो भेट दिला. शेजारी १९३५ सालचा जर्मनीचा एक दगड आहे. त्या वर्षांत रोम आणि बर्लिन इथे कुणाचं राज्य होतं, हे इतिहासाच्या बाईंसमोर मी सांगायला नको. प्रश्न न विचारता मरणारी मुलं कुणाला आवडतात, हे तो खांब बघून कळतं.

आता आपल्याकडे येऊ.

माझ्या त्या जपानी सहकाऱ्याने टेकडी उतरताना विचारलं, तुमच्याकडे अशी काही गोष्ट आहे का? तुमच्या मनात आत्ता बाजीप्रभू आले असतील, मुरारबाजी आले असतील. माझ्याही मनात आले. पण मी त्याला सांगितली ती १९४२ ची गोष्ट, कारण ती मुलांची आहे आणि आपल्या डोळ्यांसमोरची आहे.

वयाचंच म्हणाल तर नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता. जन्म २८ डिसेंबर १९२६, मृत्यू ९ सप्टेंबर १९४२. वय वर्षं पंधरा. हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघालेला हा मुलगा पोलिसांच्या गोळ्यांनी पडला, आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा ही त्याच्या बरोबरीची मुलं. दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, आपल्याच जिल्ह्यात महाडला नाना पुरोहितांच्या मोर्चावर गोळीबार झाला. हे आपण शाळेत शिकलो.

पण माझी खरी गोष्ट याहून जवळची आहे. आपल्या शाळेच्या गच्चीवरून पूर्वेला प्रबळगड दिसतो ना, त्याच्या पलीकडे सपाट माथ्याचं माथेरान. त्या माथेरानमध्ये १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. लोक त्यांना भाई म्हणत. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. वकिली करून मुंबईत बस्तान बसवता आलं असतं. त्यांनी काय केलं, तर आसपासच्या वाड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. पावसाळ्यात गरीब शेतकऱ्याच्या घरात दाणा नसतो आणि तो सावकाराकडे जातो, म्हणून त्यांनी धान्याची बँक काढली. कर्ज धान्यात, परतफेड धान्यात. आपल्यापैकी जे बँकेत आहेत त्यांना या योजनेची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळेल.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ची हाक आली आणि धरपकड सुरू झाली. भाई भूमिगत झाले. कर्जत-मुरबाडच्या मुलुखातले शेतकरी, शिक्षक, आदिवासी तरुण असे पन्नासेक जण जमले आणि ‘आझाद दस्ता’ तयार झाला. त्यात मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील होते आणि हिराजींचे वडील गोमाजी पाटील हेही होते. बाप आणि लेक एकाच दस्त्यात. ‘घरून परवानगी आहे का’ हा प्रश्नच तिथे नव्हता.

या लोकांनी काय करायचं ठरवलं, ते माझ्यासारख्या इंजिनिअरला थक्क करणारं आहे. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने युद्धाचा माल तयार करत होते आणि त्यांना लागणारी बरीचशी वीज आपल्या घाटातून जात होती. टाटांची खोपोलीची वीज १९१५ पासून, भिवपुरीची १९२२ पासून, भिऱ्याची १९२७ पासून. ती वीज मुंबईला नेणाऱ्या तारा या डोंगरांमधून, या शेतांमधून जातात. आजही जातात, मुंब्र्याकडे जाताना खिडकीतून बघा. दस्त्याने ठाण्यांवर हल्ले करायचे सोडून विजेचे मनोरे कापून पाडायला सुरुवात केली. रात्री डोंगरात जायचं, लोखंड कापायचं, मनोरा आडवा करायचा, पसार व्हायचं. सप्टेंबर ते नोव्हेंबर असं हे चाललं आणि मुंबईच्या कारखान्यांना त्याचे धक्के बसले. आमच्या धंद्यात एवढी मोठी यंत्रणा नेमकी कुठे नाजूक आहे हे शोधायला सल्लागार लाखो रुपये घेतात. इथे ते गुरं राखणाऱ्याला ठाऊक होतं, कारण मनोरा त्याच्या बांधावर उभा होता आणि त्याच्या स्वतःच्या झोपडीत मात्र चिमणी जळत होती.

सरकारने बक्षीस लावलं. दस्त्यातले लोक एकेक पकडले जाऊ लागले. भाई, हिराजी आणि थोडे सोबती सिद्धगडाच्या जंगलात गेले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या कुशीत. दाट झाडी, उभे कडे, थंडीचे दिवस. त्यांचा ठावठिकाणा आपल्याच माणसांपैकी कुणीतरी पोलिसांना दिला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉल आपल्या तुकडीसह तिथे पोचला आणि गोळीबार झाला. हिराजी आधी पडले. भाई जखमी झाले आणि हॉलच्या गोळीने तिथेच गेले. तिसावा वाढदिवस होऊन एक महिना झाला होता.

हॉल सोडला तर त्या पहाटे बंदुका धरणारे हात बहुतेक आपल्याच लोकांचे असणार. खबर देणाराही आपलाच. म्हणून मी याला यादवीची गोष्ट म्हणते. इंग्रज राज्य करत होता हे खरं, पण सिद्धगडावर मराठी माणसासमोर मराठी माणूसच उभा होता. एकाची निष्ठा दस्त्याशी, दुसऱ्याची पगाराशी, आणि तो पगार बहुधा त्याच्याही घरच्या चार तोंडांसाठीच होता. आपल्या तालुक्याला हे नवं नव्हतं. शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचा वाडा आपण सहलीत पाहिला आहे. त्यांचा सर्वांत भरवशाचा साथीदार दौलतराव नाईक रामोशी. मे १८७९ मध्ये त्याने पळस्पे आणि चिखले इथे धाड घातली आणि घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या हल्ल्यात तो मारला गेला. पळस्पे फाट्यावर आपण एसटीची वाट बघत किती तास घालवले असतील! त्या जागेचं आणि दौलतरावाचं नातं सांगणारं कुणी भेटलं नाही. वासुदेव बळवंतांनी आत्मवृत्तात माणसांबद्दलची निराशा लिहून ठेवली आहे. दौलतरावाला लिहिता आलं असतं तर त्याने काय लिहिलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

तर, आइझू आणि सिद्धगड. दोन्हीकडे तरुण माणसं आपल्या नायकासाठी मेली. मला फरक दोन ठिकाणी दिसतो आणि मी तो त्या जपानी मित्रालाही सांगितला. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. जपानमध्ये मान हलवण्याचा अर्थ ‘पटलं’ असा होत नाही, ‘ऐकलं’ एवढाच होतो.

पहिला फरक शेतकऱ्यांचा. आइझूवर चाल करून आलेल्या सैन्यात इतागाकी ताइसुके नावाचा सेनानी होता. पुढे तो जपानमधल्या लोकहक्क चळवळीचा पुढारी झाला. आइझूत त्याला एका गोष्टीचं नवल वाटलं होतं. एवढं मोठं संस्थान, पण धन्यासाठी मरायला तयार झाले ते फक्त सामुराई. शेतकरी, व्यापारी, कारागीर आपापलं सामान घेऊन पळाले. पळतील नाही तर काय करतील? कराचा बोजा त्यांच्यावर, मान सामुराईंना. किल्ला शरण गेल्यावर थोड्याच दिवसांत तिथल्या शेतकऱ्यांनी गावच्या मुखियांविरुद्ध उठाव केला, दप्तरं जाळली. म्हणजे ज्या आइझूसाठी पोरं मेली, त्या आइझूत बहुसंख्य लोकांचं काही नव्हतंच.

कर्जतच्या मुलुखात उलट घडलं. पन्नास माणसं तीन-चार महिने जंगलात राहिली, तर त्यांना भाकरी कोण देत होतं? पोलीस कुठे आहेत हे कोण सांगत होतं? ज्यांनी धान्याच्या बँकेतून भात नेलं होतं, ज्यांची पोरं भाईंच्या शाळेत पाटीवर अक्षर काढत होती, तीच घरं. ती निष्ठा कुणी नियमांत लिहून दिलेली नव्हती. आधी दोन पावसाळे भाईंनी त्यांच्या चुलीची काळजी केली, मग त्यांनी भाईंची केली. सभागृहातल्या व्यापारी मित्रांना उधारी-वसुलीचं वेगळं सांगायला नको, पण ही वसुली अशी की मागावीच लागली नाही.

दुसरा फरक नायकाचा. मुलं टेकडीवर मेली तेव्हा त्यांचा नायक अन्न शोधत होता. त्यांचा धनी कातामोरी पुढे २५ वर्षं जगला, निक्कोच्या देवस्थानचा मुख्य पुजारी झाला, १८९३ मध्ये वारला. मी त्याला नावं ठेवत नाही. हरलेल्या माणसाने मरायलाच पाहिजे असं मला मुळीच वाटत नाही, आणि त्या मुलांनीही जगायला हवं होतं असंच माझं मत आहे. पण सिद्धगडावर नायक आणि त्याची माणसं एकाच झाडाखाली झोपली होती. भाईंनी हिराजींना सांगितलेली कुठलीही गोष्ट स्वतः न करता सांगितली नव्हती. मला वाटतं हिराजींसारखा माणूस अशाच माणसाबरोबर जातो, आणि जाताना ‘का’ हा प्रश्न विचारून जातो.

हे सगळं मी आज का सांगते आहे, असं तुम्हाला वाटत असेल. कारण आपल्यातले बरेच जण आता कुणाचे ना कुणाचे नायक आहेत. कुणी शाखेचा व्यवस्थापक, कुणी मुख्याध्यापक, कुणाचा कारखाना तळोज्याला, कुणाचं दुकान. आपल्या हाताखाली तेवीस-चोवीस वर्षांची पोरं आहेत आणि ती फार लवकर निष्ठावान होतात. मी काम केलेल्या एका ठिकाणी, नाव सांगत नाही, खारघरचा एक मुलगा होता. हुशार, पडेल ते काम करणारा. त्याला दुसरीकडून दीडपट पगाराची नोकरी आली. तो गेला नाही. म्हणाला, प्रोजेक्ट संपेपर्यंत सरांना सोडणार नाही. तीन महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचा. ‘आपण एक फॅमिली आहोत’ हे सर दर सोमवारी सांगायचे. प्रोजेक्ट संपला, आणि सर आपल्या मर्जीतली तीन माणसं घेऊन दुसऱ्या कंपनीत गेले. हा त्या तिघांत नव्हता. पुढच्या कपातीत त्याचं नाव आलं. त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, पंधरा मिनिटांत. मी त्या कॉलवर होते. तो शेवटी म्हणाला, “मॅडम, सरांचा फोन लागत नाहीये, तुम्ही जरा सांगाल का त्यांना?” त्याला अजून वाटत होतं की किल्ल्यावर कुणीतरी आहे.

त्या मुलाला मी पुढे दुसरीकडे चिकटवला, आता उत्तम चाललं आहे त्याचं, काळजी करू नका. पण तेव्हापासून आमच्या टीममध्ये ‘फॅमिली’ शब्दाला बंदी आहे. आणि टीम रात्री थांबणार असेल तर मी थांबते. थांबणार नसेन तर त्यांनाही घरी पाठवते. हे काही थोर नाही, पण पुष्कळ कटकटीचं आहे. घरचे विचारतात, तू बॉस आहेस ना, मग तू कशाला? यावर माझ्याकडे एकच उत्तर असतं आणि त्यासाठी माथेरानकडे बोट दाखवावं लागतं.

इईनुमाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. तो जगला. बरीच वर्षं त्या दिवसाबद्दल फारसं बोलला नाही. सरकारच्या तारखात्यात नोकरीला लागला, गावोगावी तारा टाकत फिरला, मोठा अभियंता झाला आणि १९३१ मध्ये सेंदाईला वारला. म्हणजे ज्या मुलाच्या मित्रांना गावातली खरी बातमी वेळेवर कळली नाही, त्याने आयुष्यभर बातम्या वेळेवर पोचवायचं काम केलं. त्याने ते मुद्दाम निवडलं असेल असं मी म्हणणार नाही, नोकरी मिळाली म्हणून गेला असेल. पण त्या टेकडीवर सगळ्यांत जास्त वेळ मी त्याच्या स्मारकापाशी उभी होते. ते एकोणीस जणांच्या ओळीत नाही, थोडं बाजूला आहे. तिथे शाळेच्या सहली येतात, मुलं एकोणीस थडग्यांसमोर वाकून नमस्कार करतात, तलवारनृत्य बघतात आणि पुढे जातात. बाजूला वळणारे थोडे.

आपल्याकडेही तेच. दादरला प्लाझासमोर ‘कोतवाल गार्डनपाशी भेटू’ असं आपण सगळे म्हणतो. ते वीर कोतवाल उद्यान, म्हणजे हेच आपले भाई. मी गेल्या महिन्यात तिथे बाकावर बसलेल्या सात जणांना विचारलं, कोतवाल कोण? तिघे म्हणाले नगरसेवक असतील. एक काका म्हणाले, पोलीस. एका आजींना माहीत होतं. त्या नेरळच्या निघाल्या. त्यांनी मला हिराजींच्या मानिवलीची वाट सांगितली, कुठून रिक्षा मिळते, किती घेतात, सगळं, आणि मग माझ्या पिशवीत दोन पेरू टाकले.

तर माझी एक विनंती आहे, आणि मग मी थांबते, कारण स्वयंपाकघरातून श्रीखंडाची पातेली बाहेर आलेली मला दिसते आहे. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे सिद्धगडावर लोक जमतात आणि भाई आणि हिराजींना मानवंदना देतात. कर्जत, मुरबाड, नेरळ, सगळीकडून येतात, शाळेची मुलंही येतात. यंदा आपण जाऊ. पनवेलहून रात्री दीडला निघायचं, कर्जतमार्गे मुरबाडकडे. एका मिनीबसचं मी बघते. थंडी असते, तेव्हा स्वेटर, टॉर्च आणि चांगले बूट लागतील. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी गाडीपाशी थांबलं तरी चालेल, तिथेही चहा मिळतो. येताना आपापली मुलं आणा, विशेषतः अकरावी-बारावीतली. ती वाटेत ‘का’ म्हणून विचारतील, तर रागावू नका. बाई, तुमची पुढची सीट मी आत्ताच राखून ठेवली आहे, कारण वाटेत इतिहास तुम्हीच सांगायचा आहे. मी फक्त मनोरे दाखवीन.

नावं माझ्याकडे किंवा दारापाशी ठेवलेल्या वहीत द्या. आत्तापर्यंत अकरा झाली आहेत.